‘समोर काय दिसतंय?’ : विमानतळावरची वाट फोनवर दाखवू पाहणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
विमानतळांच्या ॲपमध्ये एआर (ऑगमेंटेड रिॲलिटी, म्हणजे कॅमेऱ्यातल्या दृश्यावरच खुणा उमटवणारं तंत्र) वापरून दिशादर्शन तयार करणारे डिझायनर आणि अभियंते, तसंच त्याला मंजुरी देणारे विमानतळ अधिकारी यांस

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

बेळगावात शहापूरला माझं तिकीट बुकिंगचं दुकान आहे. रेल्वे, बस, विमान, तिन्हींची तिकिटं काढून देतो. सोळा वर्षं झाली. सुरुवातीला विमानाची तिकिटं महिन्याला चार-पाच निघायची, तीही उद्यमबागेतल्या कारखानदारांची नाहीतर मोठ्या व्यापाऱ्यांची. आता खानापूरच्या शेतकऱ्याचं निघतं, निपाणीच्या विडी वळणाऱ्या बाईचं निघतं, मराठा लाइट इन्फंट्रीतल्या जवानाच्या आईवडिलांचं निघतं. 2019 च्या सुमाराला केंद्र सरकारच्या उडान योजनेतून आमच्या सांबरा विमानतळावरून विमानं वाढली, त्यातली काही पुढं बंदही पडली, पण विमानानं जाता येतं हे एकदा माणसांच्या मनात बसलं ते बसलं. सांबऱ्याहून नसेल तर हुबळीहून, कोल्हापूरहून, चोरल्याचा घाट उतरून गोव्याहून, पण जातात. यातले पुष्कळ जण पहिल्यांदाच विमानात बसणारे. तिकिटाच्या कागदावर मी माझा मोबाइल नंबर लिहून देतो आणि सांगतो, अडलं तर फोन करा. ते करतात.

‘दादा, मी आत आलेय. आता कुठं जाऊ?’

या एका प्रश्नाला मी इतकी वर्षं उत्तर देतोय. तुम्ही जे काम फोनच्या पडद्यावर करायला निघालात, कॅमेरा समोर धरला की समोरच्याच फरशीवर बाण उमटावा आणि माणसानं त्यामागून चालत गेटपर्यंत पोचावं, ते काम मी बेळगावात खुर्चीवर बसून कानावर करत आलोय. म्हणून तुमच्या या कामाबद्दल मला मनापासून आस्था आहे. ते नीट झालं तर माझ्याकडचे फोन कमी होतील आणि मला त्याचा आनंदच होईल. ते चुकीचं झालं तर ज्यांना सगळ्यात जास्त गरज आहे नेमकी तीच माणसं बाहेर राहतील. ही भीती वाटते म्हणून लिहितोय.

आमचा विमानतळ आधी डोळ्यांसमोर आणा. शहराच्या पूर्वेला, दहा-अकरा किलोमीटरवर, सांबऱ्याला. 1942 साली महायुद्धाच्या धामधुमीत ब्रिटिश हवाई दलानं बांधलेला. 2017 च्या सप्टेंबरात नवी इमारत सुरू झाली, आणि मार्च 2024 मध्ये आणखी एका मोठ्या टर्मिनलची पायाभरणी झाली. आजच्या छोट्या इमारतीत कुणी हरवत नाही, तिथं एआरची गरज नाही, हे मी आधीच कबूल करतो. पण पोचवायला येणारी माणसं बघा. एकट्या माणसाच्या प्रवासाला ट्रॅक्स भरून गणगोत येतं. दारातला जवान तिकीट आणि ओळखपत्र बघून एकाला आत सोडतो, बाकीचे काचेबाहेर उभारतात, हात हलवतात, बॅग कुठं ठेवायची ते खुणेनं सांगतात. त्या काचेपाशी सोबत संपते. पुढं बंगळूरला विमान बदलायचं असतं, किंवा मुंबई-दिल्लीला उतरून बाहेरची वाट शोधायची असते, आणि तिथं कुणाची मावशी नसते.

फोन आला की ‘तुम्ही कुठं आहात’ असं मी विचारत नाही. ते माहीत असतं तर त्यांनी फोनच केला नसता. मी विचारतो, ‘समोर काय दिसतंय?’ मग उत्तरं येतात. कॉफीचं दुकान दिसतंय. मोठा टीव्ही आहे, त्यावर पिवळी अक्षरं पळतायत. काचेपलीकडं विमानाचं शेपूट दिसतंय. दोन-तीन खुणा मिळाल्या की माणूस कुठं उभारलाय ते मला कळतं, कारण त्या वाटा मी स्वतः चालून डोक्यात ठेवल्यात.

माझी मुलगी इथंच इंजिनिअरिंगला आहे. एकदा माझा असा फोन ऐकून ती म्हणाली, ‘पप्पा, एआर पण असंच करतं.’ तिनं समजावलं ते माझ्या शब्दांत सांगतो. जीपीएसचे उपग्रह वीस हजार किलोमीटर वर. त्यांचा सिग्नल काँक्रीट आणि पत्र्याच्या छपराखाली पोचेपर्यंत क्षीण होतो, आणि आपण वरच्या मजल्यावर आहोत की खालच्या हे तर त्याला धड कळतच नाही. म्हणून फोनचा कॅमेरा समोरच्या दृश्यातले कोपरे, कडा, बोर्डावरची अक्षरं टिपतो आणि आधी साठवलेल्या नकाशातल्या खुणांशी ताडून बघतो. जागा सापडली की पुढच्या पावलांचा हिशोब कॅमेरा आणि हालचाल मोजणारे सेन्सर मिळून ठेवतात. लंडनच्या गॅटविक विमानतळानं 2017 मध्ये दुसरा मार्ग घेतला. सुमारे 2000 छोटे ब्लूटूथ बीकन, म्हणजे फोनला सिग्नल देणारी यंत्रं, इमारतीत बसवले आणि साधारण तीन मीटरपर्यंत नेमकी जागा ओळखता येऊ लागली. गुगलनं 2021 मध्ये आपलं लाइव्ह व्ह्यू, म्हणजे कॅमेऱ्यात बाण दाखवणारी नकाशातली सोय, झुरिकच्या विमानतळासारख्या इमारतींच्या आत न्यायची घोषणा केली. म्हणजे हे तंत्र आता स्वप्नातलं राहिलेलं नाही.

पण मुलीनं पुढं हेही सांगितलं की गुळगुळीत फरशी, काच, कोरी पांढरी भिंत, एकासारखे एक लांबलचक बोळ, अशा ठिकाणी कॅमेऱ्याला धरायला खूण मिळत नाही. लोखंडाच्या खांबांजवळ होकायंत्र भरकटतं. गर्दीनं खुणा झाकल्या जातात. आम्ही दोघांनी एका मोठ्या विमानतळावर असं एक ॲप वापरून बघितलं. बाण काचेच्या भिंतीतून पलीकडं गेला. आम्ही थांबलो, आजूबाजूला बघितलं, दार शोधलं. येळ्ळूरच्या एक मावशी माझ्याकडं तिकीट काढतात, त्या तिथं असत्या तर काचेला हात लावून उभारल्या असत्या आणि आपलंच काहीतरी चुकलं असं समजल्या असत्या. हे मी तुम्हाला अगदी कळकळीनं सांगतो: पहिल्यांदा विमानतळावर आलेला माणूस यंत्राची चूक धरत नाही. तो स्वतःला अडाणी म्हणतो. तेव्हा तुमच्या बाणाला खात्री नसेल तर त्यानं दिसूच नये. ‘मला वाट नीट ओळखता येत नाही, जरा थांबा आणि समोरचा बोर्ड दाखवा’ असं त्यानं स्पष्ट बोलावं. मलाही फोनवर असं कित्येकदा म्हणावं लागतं, आणि त्यानं कुणाचा विश्वास उडालेला मी बघितला नाही.

खानापूरकडच्या एका बाईंची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. वय सदुसष्ट. मुलाकडं निघाल्या होत्या, मध्ये एका मोठ्या विमानतळावर विमान बदलायचं होतं. कुठला ते लिहीत नाही. बाई हुशार. विचारत विचारत गेट गाठलं, दोन तास आधी जाऊन बसल्या, मला फोन करून ‘पोचले हं’ म्हणून कळवलंसुद्धा. नंतर गेट बदललं. पडद्यावर आलं, मोबाइलवर इंग्रजीत मेसेज आला. तोंडी पुकारा झाला नाही, कारण बऱ्याच मोठ्या विमानतळांवर आता प्रत्येक विमानाचं पुकारणं बंद आहे, शांतता राहावी म्हणून. शांततेचं मला पटतं. पण वाचता न येणाऱ्या माणसाला ती शांतता बहिरं करून टाकते. बाई त्याच खुर्चीवर बसून राहिल्या. नंतर मला फोन आला, ‘दादा, इथं आता कुणीच नाही रे.’ दुसऱ्या दिवशीचं तिकीट काढून दिलं. रात्रभर त्या तिथंच बसल्या. मुलाला सांगू नका, तो जिवाला लावून घेईल, एवढंच म्हणाल्या.

तेव्हा, गेटवर पोचल्यावर तुमचं ॲप ‘तुम्ही पोचलात’ म्हणून मिटून जाणार असेल तर काम अर्धवट झालं असं समजा. बाण संपला तरी ॲपनं जागं राहायला हवं. गेट बदललं तर फोन थरथरला पाहिजे, त्यातून मोठ्यानं मराठीत आवाज आला पाहिजे, आणि माणूस उठून चालायला लागेपर्यंत तो पुन्हा पुन्हा आला पाहिजे. देशांतर्गत विमानाचं गेट सुटायच्या साधारण 25 मिनिटं आधी बंद होतं, हे तिकिटावरच्या वेळेवरून नव्या माणसाला कळत नाही. सहाची गाडी म्हणजे सहाला सुटते, हे त्याला एसटीनं शिकवलेलं. मी फोनवर मीटर कधी सांगत नाही, वेळ सांगतो: ‘अजून चाळीस मिनिटं आहेत, सावकाश चाला, वाटेत बाथरूम आहे, जाऊन या.’ या शेवटच्या वाक्याचं महत्त्व तुमच्यातल्या बायकांना लगेच कळेल. संडास सापडणार नाही, सापडला तर परतीची वाट सापडणार नाही, या धास्तीनं आमच्याकडच्या बायका सकाळपासून पाण्याचा थेंब घेत नाहीत. पडद्यावर सगळ्यात आधी गेट दाखवू नका. ‘आधी बाथरूम, मग गेट, वेळ पुरतो’ असं दाखवा.

आता व्हीलचेअरबद्दल. हे तुम्हाला कुणी कागदावर लिहून देणार नाही, मी देतो. माझ्याकडून तिकीट काढणारी पुष्कळ मुलं आईवडिलांसाठी व्हीलचेअर मागतात. आईवडील दोघंही दोन मैल शेतात चालणारे असतात. खुर्ची पायांसाठी मागितलेली नसते. खुर्चीमागं एक माणूस येतो, त्याला वाट माहीत असते, तो गेटपर्यंत सोडतो, त्याच्यासाठी ती मागितलेली असते. मीही तिकीट काढताना किती वेळा व्हीलचेअरच्या रकान्यात खूण केलीय, आणि दर वेळी मनात टोचलंय, कारण जिला खरोखर उभारवत नाही अशी एखादी बाई त्याच वेळी कुठंतरी खुर्चीची वाट बघत ताटकळत असणार. चालत्या माणसाला खुर्चीत बसवलं की त्याचाही थोडा मान जातो. एक आप्पा मला परत आल्यावर म्हणाले, ‘मला म्हातारं करून नेलं रे.’ तुम्ही केलेलं दिशादर्शन खरंच चांगलं आहे की नाही याची परीक्षा मला विचाराल तर ही एकच: ते हातात आल्यावर किती धडधाकट म्हातारी माणसं खुर्ची न मागता चालत जातात ते मोजा.

त्यासाठी वाट निवडतानाच विचार करावा लागेल. नऊवारी नेसलेली बाई सरकत्या जिन्यावर पाय टाकत नाही. साडीचा काठ अडकेल ही तिची भीती खोटी नाही. मागून गर्दी रेटते, ती बाजूला होते, तेवढ्यात बाण वर निघून जातो. तेव्हा लिफ्टची वाट हा फक्त अपंगांसाठीचा पर्याय म्हणून सेटिंगच्या तळाशी लपवू नका. पहिल्याच प्रश्नात विचारा: ‘सरकता जिना चालेल की लिफ्टनं जायचं?’ आणि खुणा सांगा. 120 मीटर सरळ म्हणजे काय ते शेतावरच्या माणसाला कळतं, बांधावर उभारून तो तुमच्याआधी सांगेल, पण गर्दीच्या दालनात ते अंतर त्याला मोजता येत नाही. बंगळूरच्या दुसऱ्या टर्मिनलमध्ये वर सगळा बांबू आहे आणि झाडं टांगलीत. मुंबईच्या टी2 मध्ये छताला भिडलेले मोराच्या पिसाऱ्यासारखे पांढरे खांब आहेत. दिल्लीच्या टी3 मध्ये भिंतीवर मोठमोठे हात आहेत, नाचातल्या मुद्रांचे. एकदा बघितलं की माणूस हे विसरत नाही. बाणासोबत ‘त्या मोठ्या हातांच्या खाली जा’ असं म्हणा, माणूस बरोबर जातो. आणि एका वेळी एकच पायरी सांगा. मी कधी दोन वळणं एकदम सांगितली तर दुसरं चुकलंच म्हणून समजा.

मुंबईवरून आठवलं. टी1 आणि टी2 या इमारती एकमेकींपासून काही किलोमीटर दूर आहेत. रिक्षावाल्याला नुसतं ‘एअरपोर्ट’ सांगितलं आणि चुकीच्या दारात उतरलं तर आतला बाण कितीही सुंदर असो, उपयोग नाही. ॲपनं घरातून निघतानाच टर्मिनल सांगावं. त्याहून बरं म्हणजे आदल्या रात्री अंथरुणावर बसून सगळी वाट एकदा बघता यावी, नातवानं आजीला दाखवावी. देवळात जायच्या आधी पायऱ्या किती ते विचारणारी माणसं आहेत ही. एकदा बघून ठेवलेल्या वाटेची भीती अर्धी होते.

भाषेबद्दल लिहिताना मी जरा हळू लिहितो, कारण आमच्या भागात हा विषय साधा नाही. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपासून बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बीदरकडचे भालकी-औराद, या पट्ट्यातला मराठी माणूस फलकांकडं नुसता वाट शोधायला बघत नाही. आपली अक्षरं आहेत का तेही बघतो. सीमेचा खटला 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. दुकानाच्या फलकावर साठ टक्के कन्नड असावं असा कायदा 2024 मध्ये झाला. बोर्डांना काळं फासलेलं आम्ही पाहिलंय. एकाच अक्षरावरून शेजारी शेजाऱ्याशी बोलेनासा झालेला पाहिलाय. याचं मूळ दुःख न्यायालयात आणि विधानसभेत सुटायचं तेव्हा सुटेल, ते तुमच्यावर टाकत नाही. पण तुम्ही जे बनवताय त्यात मला एक गोष्ट दिसते आणि ती मला फार मोलाची वाटते. लाकडी-लोखंडी फलकाला लांबी-रुंदी असते. त्यावर एकाची अक्षरं वाढवायची तर दुसऱ्याची कमी करावी लागतात. फोनच्या पडद्यावर तसं नाही. कन्नड, हिंदी, इंग्रजीचा खरा फलक आहे तिथंच, आहे तसाच राहतो, आणि त्याच फलकासमोर उभारलेल्या माझ्या मावशीला तिच्या फोनमध्ये मराठी दिसते. कुणाचं एक अक्षरही पुसलं जात नाही. भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के किंवा जास्त असतील तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, हे तत्त्व आपल्या देशानं फार पूर्वी मान्य केलंय. भिंतीवर जागा नाही म्हणून ते अडलं असेल तर फोनमध्ये अडायचं कारण नाही.

मात्र हे करताना दोन-तीन चुका सहज होतील. पहिली म्हणजे विमानतळ ज्या राज्यात ती भाषा आपोआप लावणं. तसं केलं तर बंगळूरला आमच्या माणसाला नुसती कन्नड मिळेल, आणि मुंबईत उतरलेल्या गोकाकच्या कन्नड माणसाला नुसती मराठी. दोघंही अडतील, आणि दोघंही माझेच गिऱ्हाईक आहेत. फोनची भाषा बघून ठरवणंही चुकेल, कारण दुकानदारानं फोन सुरू करून देताना इंग्रजी ठेवलेली असते आणि पुढं ती कुणी बदलत नाही.

दुसरी चूक अजून बारीक आहे. माझ्या गल्लीतलं एक घर सांगतो. आजी मराठी बोलते, तिला वाचता येत नाही. मुलगा मराठी शाळेत शिकला, मराठी वाचतो. सून हुक्केरीकडची, माहेर कन्नड. नात कन्नड शाळेत जाते, घरी आजीशी मराठीत गप्पा मारते, पण भरभर वाचायचं म्हणजे कन्नड. या घरासमोर तुम्ही ‘एक भाषा निवडा’ असा पडदा ठेवलात तर कुणाचंच धड भागणार नाही. कानाची भाषा वेगळी आणि डोळ्यांची वेगळी निवडता आली पाहिजे. आवाज मराठी, अक्षरं कन्नड, ही जोडी कुठल्याही मोठ्या शहरातल्या ऑफिसात बसून सुचणार नाही. आमच्याकडं ती रोजची आहे. आणि हा प्रश्न बोलून विचारा, लिहून नको. आजीला पडद्यावरची यादी दिसून काय उपयोग?

मराठी म्हणून जी घालाल ती माणसांची असू द्या. देवनागरी दिसली म्हणजे मराठी झाली असं होत नाही. ‘निकास’ हा शब्द आमच्या आज्यांना अडतो, ‘बाहेर जायची वाट’ अडत नाही. ‘सामान संकलन कक्ष’ नको, ‘बॅगा घ्यायचा पट्टा’ म्हणा. उलट ‘गेट’, ‘बोर्डिंग पास’, ‘सिक्युरिटी’ हे शब्द आता सगळ्यांना कळतात, त्यांचं भाषांतर करू नका. आकड्यांचं नीट बघा. आवाज ‘एकोणसाठ’ म्हणेल आणि बोर्डावर 59 असेल, तर शाळा सुटून पन्नास वर्षं झालेल्या माणसाचा गोंधळ होतो. ‘पाच आणि नऊ’ असे सुटे आकडे बोला, आणि बोर्डावर जसा आकडा आणि अक्षर आहे तसंच चित्र फोनवर मोठं करून दाखवा, म्हणजे न वाचताही जुळवून बघता येईल.

सिक्युरिटीपाशी काय होतं ते तुमच्या आराखड्यात आहे का? तिथं फोन ट्रेमध्ये जातो. म्हणजे वाट दाखवणाराच हातातून जातो. पलीकडं निघाल्यावर माणूस चप्पल, पट्टा, पिशवी गोळा करण्यात गुंतलेला, कुठल्या बाजूनं आलो तेही विसरलेला. माझ्याकडं येणारे सगळ्यात घाबरे फोन तिथून येतात. फोन परत हातात घेतला की ॲपनं आपणहून बोलायला हवं: सिक्युरिटी झाली, आता या बाजूला. आणि चालताना फोन डोळ्यांसमोर धरायला लावू नका. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फोन, डोळे पडद्यात, अशानं म्हातारं माणूस पडतं. मी नेहमी म्हणतो, ‘आधी उभारा, ऐका, मग चाला.’ उभारून वाट बघायची, चालताना फोन खाली आणि कानात आवाज.

स्वस्त फोनमध्ये कित्येकदा जायरोस्कोप, म्हणजे फोन कसा वळतो ते मोजणारा सेन्सर, नसतो, मग तिथं एआर चालतच नाही. आमच्या लोकांकडं तेच फोन आहेत. त्यांच्यासाठी वाटेतल्या खुणांचे साधे फोटो एकामागून एक दाखवले तरी चालेल, पण ‘तुमच्या फोनवर हे चालत नाही’ असं म्हणून दार लावू नका. नकाशा घरीच डाउनलोड होऊ द्या. विमानतळाचं वायफाय ओटीपी मागतं, आणि आखातातून सुट्टीला येणाऱ्या पोराकडं इथलं सिम चालू नसतं.

कॅमेऱ्याचंही बोललं पाहिजे. गोव्याचा दाबोळी नौदलाचा, पुण्याचा लोहगाव हवाई दलाचा, सांबऱ्याला हवाई दलाचं जवान घडवणारं केंद्र. अशा ठिकाणी फोन उगारून चालणारा माणूस जवानाच्या नजरेत भरणारच. ॲप चित्र कुठं पाठवत नाही, साठवत नाही, सगळं फोनमध्येच ताडून बघतं, अशी रचना करा. सुरक्षा दलाशी आधी बोलून कुठं कॅमेरा चालेल ते ठरवा, आणि नको तिथं ॲपनं तो स्वतःच बंद करून आवाजावर यावं. नाहीतर पहिली दरडावणी आमच्या आप्पांना मिळेल.

जाहिरातींबद्दल एवढंच सांगतो की बाणाच्या वाटेत दुकान आणू नका. मावशी बाणावर भरवसा ठेवून चालतात. तो भरवसा विकायचा नसतो.

शेवटी माझ्या चिठ्ठीबद्दल. पहिल्यांदा जाणाऱ्या प्रत्येकाला मी एक कागद लिहून देतो. वर त्याच्या भाषेत सात ओळी, आधी काय, मग काय. खाली मोठ्या अक्षरांत इंग्रजी आणि हिंदीत: मी पहिल्यांदा प्रवास करतेय, मला या नंबरच्या विमानानं इथं जायचंय, कृपया गेट दाखवा. अडलं की ही माणसं फक्त कागद पुढं करतात, आणि विमानतळावरचे कर्मचारी, सफाई करणाऱ्या बायका, शेजारी उभारलेला एखादा पोरगा, जो कुणी असेल तो वाट दाखवतो. बोलावं लागत नाही, लाज वाटत नाही. तुमच्या ॲपमध्ये असा एक पडदा असू द्या, कुठूनही एका बोटात उघडणारा. बाण हरला तर माणूस हाताशी असतो, त्याच्यापर्यंत पोचवायचं काम तरी फोननं करावं.

विमानाचे सुटे भाग आमच्या हत्तरगीत बनतात आणि जगभर जातात. ते घडवणाऱ्या पोरांच्या आया त्याच विमानात बसायला माझ्याकडं तिकीट काढायला येतात. तुमची चाचणी मोठ्या शहरातल्या कॉलेजच्या मुलांवर उरकू नका. रविवारी माझं दुकान बंद असतं. या. येळ्ळूरच्या मावशी, खानापूरच्या बाई, ते आप्पा आणि गल्लीतली ती कन्नड वाचणारी नात, चौघांना मी तयार करून ठेवतो. कुठल्याही मोठ्या इमारतीत घेऊन जा, फोन त्यांच्या हातात द्या आणि तुम्ही पाच पावलं मागं उभारा. मध्ये बोलू नका. त्या कुठं थांबतात, कुठं फोन खाली करून इकडंतिकडं बघतात, ते वहीत लिहून घ्या. जेवण आमच्याकडं.

कळावे,
आपला,
एक तिकीटवाला
शहापूर, बेळगाव